कांद्याचे भाव फोनवर: वेब पुश जोडतानाच्या प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

बाजारभावाच्या संकेतस्थळावर पाच बाजार समित्यांचे कांद्याचे दर रोज भरले जातात: लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला, मनमाड, सोलापूर. प्रत्येक नोंदीत आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर असतो. वाचक दिवसभर पान पुन्हापुन्हा उघडून बघतात. आता दर भरला गेला की ज्यांनी मागितलं आहे त्यांच्या फोनवर तो आपोआप पोचायला हवा.

कळवायच्या गोष्टी दोनच आहेत. एक, दर. दुसरी, 'उद्या लिलाव बंद'. दुसरी जास्त मोलाची आहे. ट्रॅक्टर रात्री भरला जातो आणि पहाटे निघतो. सकाळी कळून उपयोग नाही.

एसएमएसचा विचार झाला. प्रत्येक संदेशाला पैसे लागतात, शिवाय ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांनुसार डीएलटीवर, म्हणजे दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी प्रणालीवर, मजकुराचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. स्वतंत्र अ‍ॅप म्हणजे आणखी एक गोष्ट फोनमध्ये उतरवायला सांगणं. वेब पुश म्हणजे संकेतस्थळानं ब्राउझरमार्फत थेट फोनवर पाठवलेला निरोप. तो पोचवणाऱ्या, ब्राउझर कंपन्यांच्या पुश सेवा त्याचे पैसे घेत नाहीत, आणि अँड्रॉइडवर क्रोम असतोच. तेव्हा वेब पुश.

संकेतस्थळ पीएचपी ८.२ वर आहे, म्हणून लायब्ररी मिनिशलिंकची वेब-पुश, कंपोझरनं बसवली. एमबीस्ट्रिंग, कर्ल आणि ओपनएसएसएल ही एक्स्टेन्शनं लागतात. जीएमपीही बसवून घेतलं. वेब पुशमध्ये 'सगळ्यांना एकदम' असा प्रकारच नाही. दर सबस्क्रिप्शनला, म्हणजे वाचकाच्या ब्राउझरच्या नोंदणीला, वेगळं एन्क्रिप्शन आणि वेगळी एचटीटीपी विनंती जाते, आणि जीएमपी असलं की त्यातली मोठ्या संख्यांची आकडेमोड लवकर उरकते.

११ नोव्हेंबर

व्हॅपिडच्या, म्हणजे निरोप आपल्याच सर्व्हरचा आहे हे पुश सेवेला पटवणाऱ्या, किल्ल्या तयार केल्या. लायब्ररीतच त्याचं फंक्शन आहे, एका ओळीचं काम. सार्वजनिक किल्ली ६५ बाइटची, बेस६४यूआरएलमध्ये ८७ अक्षरं. खाजगी ३२ बाइटची, ४३ अक्षरं. लांबी यापेक्षा वेगळी दिसली तर कॉपी करताना काहीतरी तुटलं आहे.

खाजगी किल्ली गिटमध्ये घातलेली नाही. ती सर्व्हरच्या एन्व्हायर्नमेंट फायलीत आहे आणि एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवली आहे. ही किल्ली हरवली तर जुनी सगळी सबस्क्रिप्शनं मेली. ती दुसऱ्या किल्लीवर हलवण्याची सोय नाही, प्रत्येक वाचकाचं सबस्क्रिप्शन नव्यानं घ्यावं लागतं.

चाचणीच्या सर्व्हरला वेगळी जोडी दिली. खऱ्या डेटाबेसची प्रत चाचणीसाठी उतरवली आणि चुकून निरोप सुटला, तरी किल्ली जुळत नसल्यामुळे पुश सेवा तो नाकारेल आणि शेतकऱ्याच्या फोनवर चाचणीचा भाव जाणार नाही.

'सब्जेक्ट' या रकान्यात खरा, चालू ईमेल दिला, 'मेलटू' लावून, मध्ये रिकामी जागा न सोडता. तिथे लोकलहोस्टचा पत्ता ठेवला तर क्रोमवर चालून जातं, पण अ‍ॅपलची पुश सेवा टोकन चुकीचं असल्याचं सांगून निरोप परत करते. चूक किल्लीत शोधत बसण्याआधी हा रकाना बघावा.

१२ नोव्हेंबर

सर्व्हिस वर्कर, म्हणजे पान बंद असतानाही ब्राउझर मागे चालवतो ती जावास्क्रिप्ट. फाईल मुळातच ठेवली, म्हणजे डोमेनच्या लगेच पुढे. आधी ती बाकीच्या जावास्क्रिप्टबरोबर आतल्या फोल्डरमध्ये होती. तशी ठेवली की वर्करचा अधिकार त्या फोल्डरपुरताच राहतो, आणि नोंदणी करताना व्याप्ती म्हणून मूळ पत्ता दिला की ब्राउझर सिक्युरिटी एरर देतो. सर्व्हरकडून 'सर्व्हिस-वर्कर-अलाउड' हे हेडर पाठवून मार्ग निघतो, पण फाईल हलवणं सोपं.

एक गोष्ट वेळेवर लक्षात आली. ऑफलाइन वाचनासाठी संकेतस्थळावर आधीपासून एक सर्व्हिस वर्कर होता. एका व्याप्तीला वर्कर एकच. दुसऱ्या नावाची फाईल त्याच व्याप्तीवर नोंदवली असती तर जुना निघून गेला असता आणि ऑफलाइन पानं कुठलीही तक्रार न करता बंद पडली असती. म्हणून पुशचा कोड वेगळ्या फायलीत लिहून जुन्या वर्करमध्ये इम्पोर्टस्क्रिप्ट्सनं आत घेतला.

वर्करच्या फायलीला 'नो-कॅश' लावलं. ब्राउझर स्वतः ही फाईल ताजी मागतो, पण मध्ये सीडीएन (फायलींच्या प्रती साठवून देणारा मधला सर्व्हर) असेल तर तोच जुनी फाईल हातात देतो. कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीत वर्करसाठी स्वतःचं डोमेन जोडलं.

पुश आल्यावर वर्कर शोनोटिफिकेशन बोलावतो, आणि ते वेटअनटिलच्या ('काम संपेपर्यंत थांब' असं ब्राउझरला सांगणाऱ्या फंक्शनच्या) आत असायलाच हवं. वेटअनटिल विसरलं तर लॅपटॉपवर सगळं ठीक दिसतं. फोनवर ब्राउझर वर्करला मध्येच झोपवतो आणि नोटिफिकेशन कधी येतं, कधी नाही.

१३ नोव्हेंबर

परवानगी कधी मागायची यावर आज सर्वात जास्त वेळ गेला, आणि जायलाच हवा होता.

पान उघडताच ब्राउझरची खिडकी दाखवायची नाही, हे पक्कं. फायरफॉक्स (आवृत्ती ७२ पासून, जानेवारी २०२०) आणि सफारी वाचकानं कुठेतरी दाबल्याशिवाय ती खिडकी दाखवतच नाहीत. क्रोम दाखवतो, पण वाचकानं ती तीनदा नुसती बंद केली तर आठवडाभर पुन्हा विचारू देत नाही. 'नको' म्हटलं तर कायमचंच. मग सेटिंगमध्ये जाऊन उघडावं लागतं, आणि ते कोणी करत नाही. 'नको' हे उत्तर एकदाच मिळतं, म्हणून प्रश्न नीट वेळेला विचारायचा.

आता रचना अशी आहे: बाजार समितीच्या पानावर दराच्या तक्त्याखाली बटण, 'लासलगावचा भाव फोनवर कळवा'. ते दाबल्यावर आमच्याच पानावर दोन ओळी: दिवसातून जास्तीत जास्त किती निरोप येतील, आणि बंद कुठून करायचे. त्याखाली 'चालू करा'. ते दाबल्यावरच ब्राउझरची खिडकी. त्या वाचकाला बाजारभाव हवा आहे हे तोवर कळलेलं असतं.

ब्राउझरला पुश येतंच नसेल तर बटण दाखवायचं नाही. काही अ‍ॅपमधली लिंक अ‍ॅपच्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडते. अँड्रॉइडच्या वेबव्ह्यूमध्ये पुश नाही. तिथे बटणाऐवजी 'हे पान क्रोममध्ये उघडा' एवढंच लिहिलं. क्रोमच्या इन्कॉग्निटो खिडकीत परवानगी आधीच नाकारलेली असते. तपासणी करणाऱ्यांनी तिथे तपासू नये.

अँड्रॉइड १३ पासून आणखी एक दार आहे. संकेतस्थळाला परवानगी मिळाली, तरी खुद्द क्रोम अ‍ॅपला फोनच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची परवानगी लागते. 'चालू केलं पण येत नाही' अशी तक्रार आली की पहिला प्रश्न हाच विचारायचा, म्हणून मदतीच्या पानावर तो वर घेतला.

१४ नोव्हेंबर

सबस्क्रिप्शन साठवण्याचं टेबल. ब्राउझर तीन गोष्टी देतो: एंडपॉइंट म्हणजे लांब पत्ता, पी२५६डीएच म्हणजे ६५ बाइटची किल्ली, आणि ऑथ म्हणजे १६ बाइटचं गुपित. चौथी गोष्ट मागून घ्यावी लागते, ती म्हणजे ब्राउझरला चालणारी एन्क्रिप्शनची पद्धत. पुशमॅनेजरच्या 'सपोर्टेड कंटेंट एन्कोडिंग्ज'मधून ती मिळते. ती दिली नाही तर लायब्ररीची आमच्याकडची आवृत्ती जुनी एईएसजीसीएम धरते. २०१७ च्या प्रमाणात ठरलेली पद्धत एईएस१२८जीसीएम आहे. ब्राउझर सांगेल तीच साठवली.

एंडपॉइंटची लांबी ठरलेली नाही, म्हणून रकाना टेक्स्ट ठेवला. मायएसक्यूएलमध्ये त्यावर सरळ युनिक इंडेक्स लावता येत नाही. त्याचा एसएचए-२५६ काढून ३२ बाइटच्या वेगळ्या रकान्यात ठेवला आणि युनिक इंडेक्स त्यावर लावला. त्यामुळे एकाच फोनवरून दोनदा बटण दाबलं तरी ओळ एकच राहते.

सुरक्षेची एक बाब. एंडपॉइंट हा पत्ता समोरून येतो आणि आपला सर्व्हर त्या पत्त्यावर विनंती पाठवतो. कोणी तिथे सर्व्हरच्याच आतला पत्ता भरून पाठवला तर आपला सर्व्हर स्वतःच्याच घरात दार ठोठावत बसेल. म्हणून परवानगीची यादी केली: गूगलचा एफसीएम, मोझिलाची पुश सेवा, अ‍ॅपलची पुश सेवा आणि विंडोजची नोटिफाय. यांच्या डोमेनचा नसलेला एंडपॉइंट नोंदवलाच जात नाही. एंडपॉइंट लॉगमध्येही पूर्ण लिहायचा नाही, शेवटची आठ अक्षरं पुरतात.

कुणाला कोणता बाजार हवा, ही माहिती आमच्याच दुसऱ्या टेबलात. पुश सेवेला त्याच्याशी देणंघेणं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पहिला निरोप पोचला. क्यू-नोटिफिकेशननं रांगेत लावायचं, फ्लशनं पाठवायचं. पुश सेवेनं २०१ दिलं की तिनं निरोप घेतला. फोनवर दिसलाच असा त्याचा अर्थ नाही, म्हणून डेटाबेसमधल्या रकान्याचं नाव 'पोचला' बदलून 'स्वीकारला' केलं.

बॅज चुकला होता. अँड्रॉइडच्या वरच्या पट्टीत छोटं चिन्ह दिसतं, त्यात फोन फक्त पारदर्शकता बघतो, रंग नाही. रंगीत, भरीव पार्श्वभूमीचा लोगो दिल्यावर पांढरा चौकोन दिसत होता. कांद्याची पांढरी आकृती, मागे पारदर्शक, ९६ बाय ९६ पिक्सेल अशी फाईल केली. मोठं चित्र १९२ बाय १९२.

१८ नोव्हेंबर

सकाळपासून काही फोनवर भावाऐवजी 'हे संकेतस्थळ पार्श्वभूमीवर अद्ययावत झालं' अशा अर्थाचं क्रोमचं स्वतःचं वाक्य येत होतं. सगळीकडे नाही, आणि प्रत्येक वेळीही नाही. लासलगावचं बरोबर, पिंपळगाव बसवंतचं बिघडलेलं. कारण सापडायला दुपार झाली. सविस्तर लिहून ठेवत आहोत, कारण मराठीत काम करणाऱ्या कुणालाही हे भेटणार.

नोटिफिकेशनचा मजकूर फार लांब होऊ नये म्हणून तो १२० वर कापला होता, पीएचपीच्या सबस्ट्रनं. सबस्ट्र बाइट मोजतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं असतं, काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे धरून. 'लासलगाव' म्हणजे ७ चिन्हं, २१ बाइट. 'सर्वसाधारण' दिसायला सहा अक्षरं, पण चिन्हं १० आणि बाइट ३०. मध्ये आकडे, रिकाम्या जागा आणि स्वल्पविराम असतात, ते १ बाइटचे. त्यामुळे १२० वा बाइट कधी चिन्हाच्या शेवटी पडतो, कधी मध्ये. लासलगावच्या निरोपात तो शेवटी पडत होता. पिंपळगाव बसवंतच्या नावाची लांबी वेगळी, तिथे चिन्हाच्या पोटातून कापला जात होता.

पुढची साखळी अशी. अर्धवट चिन्ह राहिलं की तो मजकूर वैध यूटीएफ-८ राहत नाही. जेसन-एन्कोडला (मजकूर जेसन या साच्यात बसवणाऱ्या फंक्शनला) तो मिळाला की तो एरर फेकत नाही, फक्त 'फॉल्स' परत देतो. फायलीत स्ट्रिक्ट टाइप्स (प्रकार जुळला नाही तर चूक दाखवणारी सेटिंग) चालू नव्हते, त्यामुळे लायब्ररीनं ते 'फॉल्स' रिकामा मजकूर समजून घेतलं आणि इमानदारीनं एन्क्रिप्ट करून पाठवलं. पुश सेवेनं २०१ दिलं. फोनवर वर्करनं रिकाम्या मजकुरातून जेसन वाचायचा प्रयत्न केला, तिथे अपवाद फेकला गेला आणि शोनोटिफिकेशनपर्यंत गाडी पोचलीच नाही. पुश आला आणि नोटिफिकेशन दाखवलं नाही, हे क्रोमला चालत नाही, म्हणून त्यानं स्वतःचं वाक्य दाखवलं. वाचक संकेतस्थळावर किती येतो यावर क्रोम थोडी सूट देतो, म्हणून काही फोनवर तेही दिसलं नाही. सर्व्हरच्या लॉगमध्ये मात्र सगळं हिरवं.

केलेले बदल:

कापणी शब्दाच्या सीमेवर केली. एमबी-सबस्ट्र वापरला असता तर यूटीएफ-८ वाचलं असतं, पण 'क्विंटल' मधून कापला तर 'क्' असा पाय मोडका हलन्त लोंबकळत राहतो. इंटल एक्स्टेन्शनच्या ग्राफीम (दिसणारं अक्षर एकक धरणाऱ्या) फंक्शननं कापणं त्याहून बरं, तरी जोडाक्षरं एकसंध धरण्याचा नियम युनिकोडमध्ये १५.१ या आवृत्तीत (सप्टेंबर २०२३) आला. सर्व्हरवर आयसीयू ही युनिकोडची लायब्ररी ७४ पेक्षा जुनी असेल तर 'क्ष' चे दोन तुकडे होतातच. शेवटची रिकामी जागा शोधून तिथे कापायचं, हा साधा मार्ग कुठल्याही आवृत्तीवर चालतो.

जेसन-एन्कोडला 'थ्रो ऑन एरर' लावलं. सगळ्या फायलींत स्ट्रिक्ट टाइप्स चालू केले.

'अनएस्केप्ड युनिकोड' हा पर्यायही लावला. तो नसला की पीएचपी प्रत्येक देवनागरी चिन्हाचं सहा अक्षरी संकेतरूप करतं, म्हणजे ३ बाइटच्या जागी ६. 'लासलगाव' २१ वरून ४२ वर. पायथनच्या जेसन डम्प्सचंही तेच, नोडमध्ये हा त्रास नाही. एन्क्रिप्शननंतर पेलोडची (पाठवलेल्या मजकुराची) मर्यादा ४०९६ बाइट आहे, त्यात मूळ मजकुराला ३९९३ मिळतात, म्हणजे देवनागरीची सुमारे १,३३० चिन्हं. संकेतरूपात त्याची निम्मी. आमचा निरोप छोटाच आहे, पण कोणी पुढे त्यात सगळा तक्ता घालायला गेलं तर तो मर्यादेत बसणार नाही.

वर्करमध्ये वाचन ट्राय-कॅचमध्ये घेतलं. काहीही बिघडलं तरी 'नवे भाव आले आहेत, उघडून बघा' एवढं तरी दिसतं.

शीर्षकात बाजार आणि जात, मजकुरात आधी सर्वसाधारण दर, मग किमान-कमाल. बंद पडद्यावर फोन मजकुराची एकच ओळ दाखवतो. त्या ओळीत कामाचा आकडा आलाच पाहिजे.

२० नोव्हेंबर

टीटीएल. पुश सेवेनं निरोप किती सेकंद सांभाळून ठेवायचा तो आकडा. लायब्ररीत तो काही न सांगता २४,१९,२०० सेकंद आहे, म्हणजे चार आठवडे. बातमीच्या संकेतस्थळाला चालेल. भावाला अजिबात चालणार नाही. रेंज नसलेल्या शिवारातला फोन तीन दिवसांनी गावात आला आणि त्यावर सोमवारचा दर गुरुवारी वाजला, तर तो आजचाच समजून माणूस चाळीतला कांदा काढायचा की नाही ते ठरवेल. दराचा टीटीएल १०,८०० सेकंद केला, तीन तास. 'लिलाव बंद' चा टीटीएल पाठवण्याच्या क्षणापासून दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंतचे सेकंद मोजून टाकला जातो. शिवाय प्रत्येक मजकुरात तारीख आणि वेळ घातली.

टॉपिक. फोन बंद असताना एकाच टॉपिकचे निरोप आले तर पुश सेवा जुना टाकून नवा ठेवते. सकाळच्या सत्राचा दर, मग दुपारच्या सत्राचा, मग दुरुस्ती. फोन चालू झाल्यावर शेवटचाच येतो. टॉपिकच्या नावात रोमन अक्षरं, आकडे, हायफन आणि अधोरेखा एवढंच चालतं, लांबी जास्तीत जास्त ३२. देवनागरी नाव दिलं तर विनंतीच फेटाळली जाते, म्हणून बाजारांना रोमन संकेत दिले.

अर्जन्सी. दराला 'नॉर्मल', लिलाव बंदला 'हाय'. अँड्रॉइड फोन बराच वेळ पडून राहिला की झोपेत जातो आणि साधे निरोप पुढच्या जागेपर्यंत थांबतात. 'हाय' असेल तर फोन लगेच जागा होतो. सगळ्यालाच 'हाय' लावायचा मोह टाळला. बॅटरी त्या माणसाची जाते. काही फोनमध्ये बॅटरी वाचवणारी स्वतःची व्यवस्था इतकी कडक आहे की ती ब्राउझरलाच थोपवते. त्याला सर्व्हरकडून इलाज नाही, फोनच्या सेटिंगमध्ये क्रोमवरचं बंधन काढावं लागतं. मदतीच्या पानावर घातलं.

२१ नोव्हेंबर

उन्हाळ कांद्याचा निरोप दिसून लगेच नाहीसा होतो, अशी नोंद आली. चूक आमची. नोव्हेंबरात लासलगावला चाळीतला उन्हाळ आणि नवा लाल, दोन्ही एकाच दिवशी येतात आणि दोघांचे दर वेगळे. नोटिफिकेशनचा टॅग (त्याच टॅगचं नवं आलं की फोनवरचं जुनं जातं) आणि पुशचा टॉपिक, दोन्हीत फक्त बाजाराचा संकेत होता. त्यामुळे लालचा दर आला की उन्हाळचा पुसला जायचा. आता दोन्हीत बाजार आणि जात.

टॅगचा खरा उपयोग दुरुस्तीला. सर्वसाधारण दर भरताना एक शून्य जास्त पडलं आणि निरोप गेला, तर तो परत बोलावता येत नाही. पण त्याच टॅगनं दुरुस्त दर पाठवला की फोनवरच्या जुन्याच्या जागी नवा बसतो. तो आवाज न करता बसतो. दुरुस्ती लक्षात यायला हवी म्हणून तिथे रीनोटिफाय चालू केलं. टॅग नसताना रीनोटिफाय लावलं तर ब्राउझर टाइप एरर देतो.

शून्यच पडू नये यासाठी पाठवण्याआधी तपासणी: सर्वसाधारण दर किमान आणि कमाल यांच्यामध्ये नसेल तर निरोप रांगेत न जाता भरणाऱ्याकडे परत.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आयफोन. वेब पुश आयओएस १६.४ पासून (मार्च २०२३) आहे, पण संकेतस्थळ होम स्क्रीनवर ठेवलं असेल तरच. सफारीच्या टॅबमध्ये पुशमॅनेजर सापडतच नाही. मॅनिफेस्टमध्ये डिस्प्ले 'स्टँडअलोन' केलं, आणि आयफोनवर बटणाऐवजी होम स्क्रीनवर कसं ठेवायचं याची तीन चित्रं दाखवली.

होम स्क्रीनवरच्या प्रतीची साठवण सफारीपेक्षा वेगळी असते. सफारीत निवडलेले बाजार तिथे दिसत नाहीत, म्हणून बाजार निवडण्याची पायरी तिथे पुन्हा येते. सफारीला न दाखवलेला पुश अजिबात खपत नाही, तो सबस्क्रिप्शनच काढून टाकतो. मंगळवारचा ट्राय-कॅच इथेही कामाला आला.

२५ नोव्हेंबर

परत येणाऱ्या उत्तरांचं काय करायचं ते ठरवलं. ४०४ आणि ४१० म्हणजे सबस्क्रिप्शन संपलं: परवानगी काढली, ब्राउझरचा डेटा पुसला किंवा फोन बदलला. ओळ लगेच काढायची. लायब्ररीच्या अहवालात यासाठी वेगळं फंक्शन आहे, तेच वापरलं. ४२९ म्हणजे फार वेगानं पाठवतो आहोत. 'रिट्राय-आफ्टर' मध्ये दिलेले सेकंद थांबायचं, टीटीएल उलटून गेला असेल तर पुन्हा पाठवायचं नाही. ५०० च्या पुढचं काही आलं तर दोनदा प्रयत्न.

४०१ आणि ४०३ वर ओळ काढायची नाही. हे ठळक लिहून ठेवलं आहे. तिथे चूक आपल्या किल्लीत किंवा टोकनमध्ये असते, वाचकाकडे नाही. एन्व्हायर्नमेंट फाईल चुकून चाचणीची लागली आणि कोड ४०३ वर ओळी काढत असेल, तर एका रात्रीत सगळी यादी रिकामी होईल. आता ४०३ आलं की पाठवणं थांबतं आणि आम्हाला मेल येतो.

ब्राउझर कधी कधी सबस्क्रिप्शन स्वतःच बदलतो. त्यासाठी पुशसबस्क्रिप्शनचेंज ही घटना आहे, पण तिच्यावर सगळीकडे भरवसा ठेवता येत नाही. म्हणून वाचक पान उघडतो तेव्हा चालू सबस्क्रिप्शन वाचून सर्व्हरवरच्याशी जुळवलं जातं.

२८ नोव्हेंबर

पाठवण्याचं काम क्रॉनवर (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सर्व्हरच्या साधनावर), दर दोन मिनिटांनी, एफलॉक हे कुलूप लावून. आधीची फेरी संपली नसेल तर दुसरी सुरू होत नाही, नाहीतर एकाच माणसाला तोच दर दोनदा जातो. एका वेळी ५०० ओळी. व्हॅपिडचं हेडर त्याच पुश सेवेसाठी पुन्हा वापरण्याचा पर्याय चालू केला, म्हणजे दर निरोपाला नवी सही करावी लागत नाही.

सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर आहे. 'रात्री ९ नंतर दराचा निरोप नको' हा नियम तसाच लिहिला असता तर तो भारतात पहाटे अडीचला लागू झाला असता. वेळेचे सगळे नियम एशिया/कोलकाता धरून कोडमध्ये लिहिले, क्रॉनवर सोडले नाहीत. लिलाव बंदला हा नियम लागू नाही.

आकडे नंबरफॉरमॅटरनं 'एमआर-आयएन' देऊन काढले. देवनागरी आकडे आणि लाखाचे स्वल्पविराम आपोआप मिळतात. नोटिफिकेशनच्या पर्यायात भाषा मराठी दिली, स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांसाठी.

१ डिसेंबर, सोमवार

चालू केलं, आधी फक्त मनमाड आणि येवला. 'बंद करा' बटण बाजाराच्या पानावर 'चालू करा' च्याच जागी आहे. ते आधी सर्व्हरवरची ओळ काढतं, मग ब्राउझरचं सबस्क्रिप्शन. उलट क्रमानं केलं आणि मध्येच नेट गेलं, तर एंडपॉइंट हातातून जातो आणि सर्व्हरवरची ओळ ४१० येईपर्यंत पडून राहते.

नोटिफिकेशनवर दाबल्यावर त्या बाजाराचं पान उघडायचं. ते आधीच उघडं असेल तर तेच पुढे आणायचं. खिडक्या शोधताना 'इन्क्लूड अनकंट्रोल्ड' दिलं नाही तर काही उघड्या खिडक्या सापडत नाहीत आणि एकाच पानाच्या चार प्रती होतात.

३ डिसेंबर

बंद फोनची चाचणी, येवल्याच्या संकेतावर. सकाळी अकराला फोन बंद केला. साडेअकराला लालचा दर, दुपारी साडेतीनला पुन्हा लालचा, चारला दुरुस्ती, संध्याकाळी सहाला 'उद्या लिलाव बंद'. साडेसहाला फोन चालू केला. दोनच नोटिफिकेशन आली: चारची दुरुस्ती आणि लिलाव बंद.

दुसरा फोन रात्री साडेआठपर्यंत बंदच ठेवला. त्यावर दराचं काहीच आलं नाही, तीन तास उलटून गेले होते. फक्त लिलाव बंद आलं.

उद्या लासलगाव, पिंपळगाव बसवंत आणि सोलापूर चालू करायचे. त्याआधी सोलापूरच्या नोंदीत लाल आणि पांढरा असे वेगळे दर येतात, त्या जातींचे रोमन संकेत टॅगच्या यादीत घालायचे राहिले आहेत.